तीन डोळ्यांचं मशीन

बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि त्यानंतर आमचा टीव्ही बिघडला. म्हणजे टीव्ही होता तसाच होता. बाबांना तो दिसायला लागला होता.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस त्यांनी घरातल्या सगळ्या गोष्टी नव्याने तपासल्या. भिंतींचा रंग त्यांना आवडला नाही. माझे केस पिकलेत हे त्यांनी मला कळवलं. मग एका संध्याकाळी ते सिनेमा बघत होते. पडद्यावर अमावस्या होती, कोणीतरी कंदील घेऊन जंगलातून पळत होतं, आणि बाबा म्हणाले, "ह्यो काळोख न्हय गो."

"मग काय आहे?"

"करडो आसा. राखेचो रंग."

मी हॉलमधले दिवे घालवले. काळोख करडाच राहिला. मी टीव्हीचा उजेड कमी केला, तर कंदीलवाला माणूसच दिसेनासा झाला. बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. नंतर त्यांनी सिनेमा अर्ध्यावर सोडला. हे आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

आमच्या घरात म्हणजे आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. करी रोडला आमची चाळ होती, तिच्या जागी टॉवर आला, आणि त्या टॉवरच्या मागच्या बाजूला चाळकऱ्यांसाठी जी बिल्डिंग बांधली तिच्यात आम्हाला हॉल, बेडरूम, किचन मिळालं. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका पतपेढीत शिपाई झाले आणि तिथूनच रिटायर झाले. मी फोर्टात एका शिपिंग कंपनीत काम करते. लग्न केलं नाही, किंवा झालं नाही. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. सिनेमा ही एकच गोष्ट आम्ही दोघं न भांडता करू शकतो, म्हणून तो करडा रंग मला जरा लागला.

ऑफिसातल्या एकाने नवीन प्रोजेक्टर घेतला होता, तो मी जाऊन बघितला. चित्र मोठं होतं. करडंही मोठं होतं. मग मी इंटरनेटवर वाचत बसले आणि असं कळलं की खरा काळा हवा असेल तर जुने तीन नळ्यांचे प्रोजेक्टर बघावेत. जुन्या टीव्हीत जशी काचेची पिक्चर ट्यूब असायची तशा तीन लहान नळ्या त्यात असतात, एक लाल, एक हिरवी, एक निळी. तिघींपुढे एकेक मोठं भिंग. तिघी आपापलं चित्र भिंतीवर टाकतात आणि तिन्ही एकमेकांवर तंतोतंत बसली की सिनेमा दिसतो. जिथे काळं आहे तिथे नळी उजेडच टाकत नाही. म्हणून काळा म्हणजे काळा.

असं मशीन आता कोणी बनवत नाही. वापरलेलंच घ्यावं लागतं, आणि वजन एका धडधाकट माणसाएवढं असल्यामुळे ज्याच्या घरी ते आहे त्याला ते नको असतं. माझ्याकडे साधारण एका बऱ्या मोबाईलपुरते पैसे होते. तेवढ्यात भागण्यासारखं होतं.

काय बघून घ्यायचं हे मी अभ्यास करावा तसं वाचलं. सगळ्यात मोठी भीती नळी जळण्याची. एकच चित्र फार काळ एका जागी राहिलं की त्याचा डाग नळीवर कायमचा पडतो. मशीन किती तास चाललंय याचा आकडा मशीनमध्येच असतो, पण तो बदलता येतो, म्हणून आकड्यावर जायचं नाही. मशीन बंद असताना बॅटरी घेऊन भिंगातून आत नळीच्या तोंडाकडे बघायचं. तोंड सगळीकडे सारखं पांढरट असेल तर बरं. मधोमध काळपट चौकोन दिसला तर नमस्कार करून निघायचं. नळ्या तापू नयेत म्हणून पुढे एका कप्प्यात पाणी भरलेलं असतं, त्याला बुरशी धरते, ते झिरपतं. तेही बघायचं. आणि मशीन अर्धा तास तापल्याशिवाय चित्राबद्दल मत बनवायचं नाही.

लॅमिंग्टन रोडला असली मशीनं पूर्वी दुरुस्त करणारा एक माणूस सापडला. मी त्याला विचारलं, अजून काय बघू?

"घेऊ नका," तो म्हणाला.

"पण घ्यायचंच असेल तर?"

"तरी घेऊ नका."

त्याने सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत.

बाबा प्रत्येक ठिकाणी माझ्याबरोबर येणार हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मी म्हटलं, बाबा, आपण भंगारात जाणारी वस्तू बघायला चाललोय. ते म्हणाले, "कोणाच्याय दारात जाताना माणसासारख्यां जावचां."

पहिलं दार एका बारचं होतं, परळला. बारचं नूतनीकरण चाललं होतं आणि छताला टांगलेला प्रोजेक्टर त्यांना उतरवायचा होता. आम्ही सकाळी गेलो. टेबलांवर खुर्च्या उलट्या घातलेल्या, फरशी ओली. मॅनेजरने आम्हाला बसायला दोन खुर्च्या सुलट्या केल्या आणि पुढ्यात चणे ठेवले. बाबा माळकरी. त्यांनी चणे खाल्ले आणि बाकी कशाकडे बघितलं नाही.

मशीन अर्धा तास तापू दिलं. मग मी सगळा पडदा पांढरा करून दाखवायला सांगितलं. पांढऱ्या पडद्याच्या तळाला एक काळपट पट्टी होती, आणि पट्टीत लहान-मोठे चौकोन. क्रिकेटचा स्कोअर. इतकी वर्षं तिथे मॅच लागत होत्या की स्कोअरची पट्टी नळीतच उतरली होती.

"कोणाची बॅटिंग?" बाबांनी विचारलं.

मॅनेजर वाकून अगदी मनापासून बघायला लागला. मग म्हणाला, "काका, तेवढं नाही दिसत."

घरी येताना बाबा म्हणाले की पट्टी तळाला तर आहे, तेवढं काय बिघडतं. मी म्हटलं, रडारडीच्या सीनखाली आयुष्यभर स्कोअर दिसेल. त्यावर त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मला वाटतं त्यांनी कल्पना करून बघितली.

दुसरं घर प्रभादेवीला. नवरा-बायको दोघं चाळिशीतली, घरात दोन माणसांना पुरून उरेल इतकी शांतता. प्रोजेक्टर एका खोलीत चादरीखाली होता. चादर काढली तर मशीन नव्यासारखं चकचकीत. बाबांनी त्यावरून हात फिरवला. बाईंनी साजूक तुपातला शिरा आणला, त्यात बेदाणे होते.

"चालू करून बघू या?" मी म्हटलं.

"वायरिंग काढून टाकलंय हो," नवरा म्हणाला. "पण चालू होता. एकदम चालू होता."

मी पर्समधून बॅटरी काढली. हिरव्या नळीत बघितलं. मधोमध स्पष्ट चौकोन, चहाचा कप टेबलावर विसरल्यावर राहतो तसल्या रंगाचा. निळ्या नळीच्या पाण्यात पांढरे धागे तरंगत होते. लाल नळी ठीक होती. मी बॅटरी बंद केली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बाबा म्हणाले, "विचार करून कळवतो."

हे वाक्य माझ्यासाठी बघितलेल्या स्थळांकडून त्यांनी पुष्कळ वेळा ऐकलेलं होतं. त्यामुळे त्यांना ते फार सफाईने म्हणता आलं.

खाली रस्त्यावर आल्यावर मात्र ते रागावले. "माणसां किती बरी होती. तू त्यांच्या मशीनीत तोंड घालून बघलंस."

"बाबा, माणसं घ्यायची नाहीयेत."

"बघूक तर माणसांच गेलो होतो."

ते खरं होतं. महिन्यांमागून महिने ते करी रोडच्या आमच्या खिडकीत बसून असत. चाळीत होतो तेव्हा दार उघडलं की गॅलरी आणि गॅलरीत माणसं. नव्या बिल्डिंगीत दार उघडलं की लिफ्ट. हे मला आधीपासून माहीत होतं, पण त्या दिवशी फुटपाथवर त्यांचा चेहरा बघून नीट कळलं.

तिसरा पत्ता गिरगावातला मिळाला. जुन्या बिल्डिंगीचा दुसरा मजला, लाकडी जिना, दारावर तोरण. दार उघडलं ते सत्तरीच्या एका बाईंनी. ताठ, बारीक, कॉटनची साडी, केसांचा घट्ट अंबाडा. गिरगावातल्याच एका शाळेत त्यांनी भूगोल शिकवला होता, आणि ते त्यांनी सांगायच्या आधीच आम्हाला कळलं, कारण त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि आम्ही दोघंही एकदम बसलो. शाळेत म्हणतात तसं मी त्यांना बाई म्हणू लागले. बाबाही बाईच म्हणायला लागले.

"प्रोजेक्टर माझ्या मिस्टरांचा," बाई म्हणाल्या. "ते गेले. बिल्डिंग पाडायला घेतायत. मला भाड्याने जी जागा मिळालीय तिच्यात एकतर मी राहू शकते किंवा हा. तुम्ही याआधी किती बघितलेत?"

मी सांगितलं. का नाकारलेत, तेही त्यांनी विचारलं. मी सांगितलं. प्रभादेवीच्या निळ्या नळीतले धागे ऐकून त्यांनी मान हलवली, म्हणजे निदान गृहपाठ केलेला दिसतोय.

मग त्यांनी खिडक्या बंद केल्या, पडदे ओढले आणि मशीन चालू केलं. "आता अर्धा तास काही बघायचं नाही. चहा घेऊ."

अर्ध्या तासात बाबांनी त्यांची ठेवणीतली मराठी बाहेर काढली. ही मराठी ते रेशनिंग ऑफिसात आणि डॉक्टरांपुढे वापरतात. "आपल्या यजमानांना सिनेमाची फार आवड असावी," ते म्हणाले.

"त्यांना मशीनची आवड होती. सिनेमाची मला," बाई म्हणाल्या. "त्यांना कंपवात होता. हाताने बटण दाबता यायचं नाही. ते सांगायचे आणि मी दाबायची. सुरुवातीला फार भांडणं झाली."

अर्धा तास झाला. त्यांनी भिंतीवर एक जाळी लावली. आडव्या-उभ्या रेघा. लाल, हिरवी, निळी, अशा तीन जाळ्या एकमेकांवर टाकलेल्या असतात, आणि त्या जुळल्या तर डोळ्यांना पांढरी एकच दिसते.

"अक्षांश, रेखांश," बाई म्हणाल्या. "हिरवी जाळी पक्की धरायची. लाल आणि निळी तिच्यावर आणून बसवायची. मधला भाग कोणालाही जमतो. कोपरे बघा."

मी उठून कोपरे बघितले. चारही कोपऱ्यांत रेघ पांढरी होती.

मग त्यांनी जाळी काढून पडदा कोरा पांढरा केला. मी काही विचारायच्या आत त्या स्वतः भिंतीपाशी गेल्या आणि वर उजवीकडे बोट ठेवलं. "इथे बघा. दिसतंय?"

नीट बघितल्यावर दिसलं. रुपयाच्या नाण्याएवढी फिकट सावली.

"शेवटच्या वर्षात ते इथेच पडून असायचे. बातम्या लावून ठेवायचे. मी म्हणायची, चॅनलची खूण जळेल तिथे. ते म्हणायचे, जळू दे. म्हणून ती जळलीय. आकाश असलं, बर्फ असला की दिसते. हे मान्य असेल तर पुढे बोलू."

माझ्या अभ्यासाप्रमाणे तिथे नमस्कार करून निघायला हवं होतं. मी बाबांकडे बघितलं. बाबा त्या सावलीकडे बघत होते.

"तेवढां ऱ्हवांदे," ते म्हणाले. ठेवणीतली मराठी त्या क्षणी त्यांच्या हातून सुटली.

बाईंनी एक जुना काळा-पांढरा रहस्यपट लावला. त्यात वीज जाते आणि बराच वेळ एक माणूस काडेपेटी शोधत असतो. त्या वेळी भिंत उरलीच नाही. खोलीही उरली नाही. मला माझा हात दिसत नव्हता. कुठूनतरी अंधारातून बाबांचा आवाज आला, "ह्यो. ह्यो काळो."

"शांत राहा," बाई म्हणाल्या. "तो आता काडी ओढणार आहे."

बाईंची अट होती की सिनेमा पूर्ण बघून मगच ठरवायचं. आम्ही पूर्ण बघितला. गाणी आली की बाई स्वयंपाकघरात जायच्या आणि गाणं संपलं की परत यायच्या. कोणतं गाणं किती लांब आहे ते त्यांना पाठ होतं. सिनेमा संपल्यावर त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली आणि मशीन थंड झाल्यावर मी तिन्ही नळ्या बघितल्या. पाणी स्वच्छ, खाली कुठे चिकटपणा नाही. व्यवहार तिथेच ठरला आणि लवकर ठरला.

नंतरचं काम म्हणजे ते घरी आणणं. नेमके गणपती जवळ आले होते, टेम्पोवाले मिळत नव्हते. बाबांनी मंडळातल्या त्यांच्या चार दोस्तांना सांगितलं. हे चौघं वर्षानुवर्षं कारखान्यातून मंडळाचा गणपती आणतात, त्यामुळे जड, नाजूक आणि पुढून तोंड असलेली वस्तू कशी धरायची हे त्यांना सांगावं लागलं नाही. गिरगावच्या लाकडी जिन्यावरून त्यांनी ते एकेक पायरी मोजत उतरवलं. भिंगांना धूळ लागू नये म्हणून बाईंनी मशीनला स्वतःची एक जुनी भगवी चादर गुंडाळून दिली. चादरीबद्दल मी तेव्हा विचार केला नाही.

लालबागच्या सिग्नलला टेम्पो थांबला. फुटपाथवरच्या एका आजींनी चपला काढून हात जोडले. त्यांचं बघून आणखी दोघांनी. टेम्पोत मागे बसलेल्या चौघांपैकी एकाने सवयीने "मोरया" म्हटलं. आता खुलासा करणं शक्य नव्हतं. बाबा ड्रायव्हरशेजारी बसले होते, त्यांनी त्या लोकांना उलट नमस्कार केला.

आमच्या बिल्डिंगीचा वॉचमन म्हणाला, एवढ्या लवकर आणला? सेक्रेटरींनी मात्र चादर वर करून बघितलं, तीन काचेचे डोळे बघितले आणि चादर परत खाली सोडली. "सामानाच्या लिफ्टने न्या," एवढंच म्हणाले.

छताला टांगायची परवानगी मिळणार नव्हती, म्हणून मशीन हॉलच्या बरोबर मधोमध एका बुटक्या टेबलावर बसलं. त्याला वळसा घालून किचनमध्ये जावं लागतं. खिडक्यांसाठी मी दादरला काळं कापड आणायला गेले. दुकानदाराने किती मीटर ते ऐकून घेतलं आणि सहानुभूतीने विचारलं, "मोर्चा कधी आहे?"

पण मशीन हलवलं की तिन्ही चित्रं सरकतात. पहिल्या संध्याकाळी भिंतीवरच्या प्रत्येक माणसाला तीन डोकी होती. मी रिमोट घेऊन बसले. लाल उजवीकडे घेतली की कोपऱ्यात बिघडायची, कोपरा सुधारला की मध्ये फाटायची. आठवडाभर ऑफिसातून आल्यावर तेच. शेवटी बाबा म्हणाले, "बाईंका बोलाव."

बाई रविवारी आल्या. त्यांची गिरगावची जागा सुटली होती आणि त्या आता घोडपदेवला एका भाड्याच्या खोलीत राहत होत्या. मशीनच्या एका बाजूला खुर्ची टाकून बसल्या, अर्धा तास तापू दिलं, मग काम सुरू केलं. दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर बाबा. मधे ते मशीन, गरम वारा टाकत.

"लाल थोडी वर," बाबा म्हणाले.

"मला दिसतंय," बाई म्हणाल्या.

"नाही, मी आपलं सांगितलं."

"सांगा. मला सवय आहे कोणीतरी सांगायची."

दोन तास ते चाललं होतं. शेवटी जाळी पांढरी झाली. मग आम्ही तिघांनी सिनेमा बघितला आणि जेवायला मी सुरमई केली. बाई शाकाहारी निघाल्या. बाबांनी त्या दिवशी वरण-भात खाल्ला. माळ घातली तेव्हा सगळं सोडलं पण मासे सुटले नाहीत, असे माझे वडील, सुरमई समोर असताना वरण-भात खातात हे मी पहिल्यांदाच बघत होते. मी आणखी वरण वाढलं.

जुन्या मशीनच्या रेघा अधूनमधून थोड्या हलतात. दर काही आठवड्यांनी बाई येऊ लागल्या. मग दर पंधरा दिवसांनी. मग दर रविवारी. बाबा शनिवारी फोन करायचे, "बाई, लाल सरकलीय." बाई यायच्या, नीट करून द्यायच्या. एव्हाना मलाही ते काम जमायला लागलं होतं. बाईंना ते माहीत होतं, कारण एकदा त्यांनीच माझ्याकडून कोपरे करून घेतले होते आणि बरं म्हटलं होतं. पण रविवारी मला रिमोट कोणी द्यायचं नाही.

मधल्या दिवसांत बाबा बदलत होते. त्यांनी दाढी रोज करायला सुरुवात केली. मला विचारलं, घोडपदेवला पाणी किती वाजता येतं गो? मी म्हटलं, मला काय माहीत. ते म्हणाले, सकाळी लवकर येतां, बाईंक उठाचां लागतां. आईच्या फोटोपुढची उदबत्ती मात्र ते पूर्वीसारखीच लावत होते, एकही दिवस चुकवली नाही. मला त्या दोन गोष्टींचं काय करायचं ते सुरुवातीला कळेना. एका मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, तुला राग येतो का? मी विचार केला. राग येत नव्हता. रविवारी दुपारी घरात माणसांचा आवाज असायचा, आणि तो मला बेडरूममधून ऐकायला बरा वाटायचा. थोडंसं असंही वाटायचं की प्रोजेक्टर मी शोधला, वाचलं मी, बॅटरी घेऊन फिरले मी, आणि यात माझी खुर्ची भिंतीला टेकलेली. पण ते थोडंसंच.

एका शनिवारी माझं डोकं दुखत होतं म्हणून ऑफिसातून लवकर आले. दार किल्लीने उघडलं. हॉलमध्ये पडदे ओढलेले, भिंतीवर जाळी लावलेली, आणि बाबा चष्मा कपाळावर चढवून, रिमोट नाकाजवळ धरून एकेक बटण दाबत होते. जाळी पांढरीशुभ्र होती. माझ्या डोळ्यांदेखत लाल रेघा पांढऱ्यातून सुटल्या आणि डावीकडे चालायला लागल्या. पुरेशा लांब गेल्यावर बाबांनी रिमोट खाली ठेवला, फोन उचलला आणि नंबर लावला.

"बाई," ते म्हणाले, "लाल परत सरकली बघा."

मी आवाज न करता दार ओढून घेतलं आणि खाली जाऊन चहा पिऊन आले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मशीन तापलं. जाळी लागली. बाईंनी ती बघितली, उठून भिंतीजवळ जाऊन बघितली, आणि परत येऊन खुर्चीवर बसल्या. रिमोट त्यांनी मांडीवर ठेवला.

"हे सरकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सरकवलंय."

"मशीन जुनं झालं, बाई."

"मशीन जुनं झालं की सगळंच थोडं थोडं हलतं. एकटी लाल अशी घर सोडून जात नाही."

बाबा भिंतीकडे बघत राहिले. मी किचनच्या दारात पोह्यांचं ताट घेऊन उभी होते आणि मागे जावं की पुढे यावं हे मला ठरवता येत नव्हतं.

"मी बत्तीस मुलांचा वर्ग सांभाळलाय," बाई म्हणाल्या. "खडू कोणी लपवला ते मला मान न वळवता कळायचं."

"होय," बाबा म्हणाले.

"पुढच्या वेळी नुसता फोन करायचा. म्हणायचं, या."

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, "या."

"आता मी आलेलीच आहे," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी." आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोहे गार होतायत गं."

त्या दिवशी त्यांनी लाल जागेवर आणून बसवली. ती शेवटची. आता बाई रविवारी येतात, कधी बुधवारीही. घोडपदेवहून टॅक्सी करतात, नाहीतर बाबा त्यांना आणायला बसने जातात आणि दोघं चालत येतात. लग्नबिग्न काही नाही. तो विषय सेक्रेटरींच्या बायकोने काढला तेव्हा बाई म्हणाल्या, मला माझी पेन्शन आणि माझी खोली आहे, आणि यांना यांची. बाईंची गिरगावची नवी बिल्डिंग अजून जमिनीच्या वर आलेली नाही. आमच्याकडे तुरीच्या डाळीचा खप वाढलाय. बाबा मासे सोमवारी खातात.

मशीनच्या रेघा जुळवायला मात्र कोणालाच वेळ नसतो. हल्ली हिरोच्या कानाला लाल कड असते आणि हिरॉइनच्या पदराला निळी. परवा सिनेमा सुरू व्हायच्या आधी मी म्हटलं, दोन मिनिटं द्या, मी नीट करते, आणि रिमोट घेतला.

"राहू दे," बाई म्हणाल्या.

"ऱ्हवांदे गो," बाबा म्हणाले. "पिक्चर चालू झालो."